राखेवरची रेघ

चौथीच्या वर्गाला खरं बोलण्याबद्दलचा धडा शिकवायची वेळ आली की मी फळ्याकडं तोंड करून शिकवतो. पोरांना वाटतं, मास्तर आता काहीतरी लिहिणार. मी काही लिहीत नाही. खडू हातात धरून नुसता उभा राहतो, कारण तेवढा वेळ पोरांच्या नजरेला नजर द्यायची माझी छाती होत नाही. मग धडा संपतो, मी वळतो आणि हजेरी घेतो. हे सगळं मारुती हवालदारांमुळं झालं असं मी पूर्वी मनाशी म्हणायचो. आता तसं म्हणायचीही लाज वाटते.

आष्ट्याजवळच्या एका गावात माझी बदली झाली आणि हवालदारांच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली. माझं सगळं लहानपण कोयनानगरच्या वसाहतीत, सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. जमीन हादरली की आधी पंख्याकडं बघायचं आणि मग दाराकडं पळायचं, एवढं आम्हाला शिकवलेलं होतं. कोंबडीची ओळख फक्त ताटातली. इथं घराच्या तिन्ही अंगांना ऊस, मागं परसात एक शेवगा आणि शेवग्यापासून पाच-सात पावलांवर विटांचं खुराडं. खोली दाखवताना हवालदारांनी मला एकच प्रश्न विचारला, तुम्ही झोपेत घोरता का म्हणून. मी अभिमानानं नाही म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. घोरणारा माणूस असता तर जनावरं घराच्या जरा लांबनं गेली असती, असा त्यांचा हिशेब होता.

सत्तरी ओलांडलेली, पण पाठ अशी सरळ की शेजारी उभं राहिलं की आपणही नकळत पोट आत घ्यावं. मिशी पांढरी, कातरलेली. घरात लुंगी, पण संध्याकाळी कोंबड्या झाकायच्या वेळी मात्र खाकी हाफपँट आणि पायात कॅनव्हासचे बूट. गाव त्यांना हवालदार म्हणायचं, मी आबा म्हणायचो.

दिवस कासराभर राहिला की आबा परसात येऊन उभे राहायचे. हाक नाही, टाळी नाही. बांधावरून, शेवग्याखालून, शेजारच्या सुमनवहिनींच्या उकिरड्यावरून कोंबड्या एकेक करून यायच्या आणि खुराड्यात शिरायच्या. सगळ्या शिरल्या की आबा गुडघे टेकून आत हात घालायचे आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवून तिचं नाव घ्यायचे. नावं त्यांच्या नोकरीतल्या ठिकाणांची. पठाणकोट, जैसलमेर, लेह, तेजपूर. कोंबडा एकच होता, तो सुभेदारसाहेब. पलटणीत रोज संध्याकाळी जवानांची गिनती व्हायची तशी ही गिनती. पहिल्या अंड्यापर्यंत मात्र कुणाला नाव मिळायचं नाही. भरती झाल्याशिवाय नंबर कसा मिळेल, असं ते म्हणायचे. तेव्हा एक तांबडी तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, तशी बिननावाची होती. तिच्या पाठीवर हात ठेवून ते नुसतं "रंगरूट" म्हणायचे. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. मी उसाकडं तोंड करून हसलो. तोंड फिरवायची सवय तशी जुनीच म्हणायची.

गिनती झाली की तोंडाला फळी. फळीला टेकवून दगड. हा दगड म्हणजे काकूंच्या, म्हणजे आबांच्या मंडळींच्या, फुटक्या पाट्याचा मोठा तुकडा. दिवसा तो शेवग्याखाली पडलेला असायचा आणि कोंबड्या त्यावर बसून तो घाण करून ठेवायच्या. संध्याकाळी तो उचलून फळीला लावायचा. मी एकदा उत्साहानं उचलायला गेलो तर कंबर धरली. दोन दिवस शाळेत खुर्चीतून उठताना पोरं माझ्याकडं बघत होती.

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची गोष्ट मला सुमनवहिनींनी सांगितली. काकू जतकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरची एक कोंबडी डालग्यात घालून घेऊन आल्या होत्या, आणि परसातली सगळी पिलावळ तिची. आबा सतरा वर्षं फौजेत. तेवढी वर्षं घर, रान, पोरगा आणि ही कोंबड्यांची पिढी काकूंनी एकटीनं सांभाळली. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येईनात, पण दिवस मावळला की विचारायच्या, "कोंबड्या झाकल्या न्हवं?" आबा सांगायचे, झाकल्या. दहा मिनिटांनी परत विचारायच्या, हे परत सांगायचे. हे ऐकल्यावर मी गिनतीला हसायचं सोडलं. कोंबड्या आबांच्या होत्या, असं मला वाटेनासं झालं. त्या काकूंच्या होत्या आणि आबा त्यांच्यावर ड्युटीला होते.

दगडानंतर राख. आंघोळीच्या पाण्याच्या चुलीची राख ते डब्यात साठवायचे आणि खुराड्याभोवती हातभर रुंद पसरायचे. मग बोराटीची फांदी घेऊन, मागं मागं सरकत, ती राख सारखी करायचे, म्हणजे स्वतःचं पाऊलसुद्धा उरत नसे. ही विद्या राजस्थानच्या सीमेवरची. तिथं संध्याकाळी वाळू ओढून सपाट करून ठेवायची आणि उजाडलं की कोण आलं, कोण गेलं ते वाळूवर बघायचं. आबांनी सहा वर्षं ती वाळू वाचली होती. इथं वाळू नव्हती, म्हणून राख.

सकाळी मी दात घासत परसात गेलो की आबा राखेशी उकिडवे बसलेले असायचे. "या मास्तर, पेपर आलाय," म्हणायचे. मग बातम्या. हे मुंगूस, ह्याची नखं उठतात. ही धामण, सरळ गेलीय, तिला आज भूक नव्हती. आणि हे गोल, नखं न दिसणारं, ते बाऊल. बाऊल म्हणजे उसात राहणारं रानमांजर, घरच्या मांजराच्या दीडपट. आबांना बिबट्याचं काही वाटायचं नाही. उसात बिबटे वाढलेत हे ते मान्य करायचे, पण खरा धाक बाऊलाचा. ते फळीला डोकं लावून बघतं, सरकली तर आत शिरतं आणि एकीवर थांबत नाही. जाळी, कडी, खिळा या कशावर आबांचा विश्वास नव्हता. मुलानं, म्हणजे पुण्यात कंपनीत असलेल्या संजयनं, एक कॅमेरा पाठवला होता. तो खोक्यासकट देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला. कॅमेरा बघतो, पण उठून जातो का, असं आबांनी त्याला फोनवर विचारलं होतं.

एका सकाळी त्यांनी राखेच्या कडेला बोट दाखवलं. तिथं माझ्या चपलेचा ठसा होता. पहाटे उठून मी त्या अंगाला गेलो होतो. आबा म्हणाले, उजवी टाच झिजलीय तुमची, पाय घासत चालताय, तब्येतीला बरं नव्हं. मी कौतुकानं हसलो आणि विसरून गेलो. चप्पलही बदलली नाही.

त्यांची आणखी एक रीत मला फार आवडायची. एकदा ते इस्लामपूरला एका लग्नाला गेले आणि कोंबड्या झाकायचं काम मला देऊन गेले. मी मन लावून सगळं केलं आणि ते आल्यावर वाट बघत बसलो, की आता मागं जाऊन बघतील आणि शाब्बास म्हणतील. ते बूट काढून सरळ चहा प्यायला बसले. न राहवून मी विचारलं, बघून येत नाही का? आबांनी बशी खाली ठेवली.

"आवं मास्तर, ज्याला ड्युटी दिली त्येच्या मागनं जाऊन बघायचं नसतंय. त्यो त्या माणसाचा अपमान हाय. हिच्या मागनं मी सतरा वर्सं कवा बघितलं न्हाई."

त्या संध्याकाळी मला उगाच दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटलं.

मग मोतीबिंदूचं निघालं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, इस्लामपूरला शिबिरात, एक रात्र तिथं राहायचं. दुपारच्या एसटीनं जायच्या आधी आबांनी स्वतः राख पसरून, ओढून ठेवली. मला म्हणाले, राख टाकून ठेवलीय, तुम्ही गिनती, फळी आणि दगड तेवढं बघा. मी म्हटलं, निवांत जावा.

त्याच दिवशी शेजारच्या गावची यात्रा होती. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या घरी मटणाचं जेवण होतं, आणि मी दुपारपासून तांबड्या रश्श्याचा विचार करत होतो. पांढरा शर्ट इस्त्री करून घातला, अत्तर लावलं. कोंबड्या झाकायला परसात गेलो तेव्हा गाडीवरनं न्यायला आलेला माणूस पुढच्या दारात हॉर्न वाजवत होता. कोंबड्या आत गेलेल्या दिसल्या. गिनती केली नाही. आत हात घालायचा तर बाही वर करावी लागणार. फळी लावली. दगडाकडं बघितलं. त्यावर ताजी घाण. अंगावर पांढरा शर्ट. म्हटलं, आल्यावर लावू. एक फळी काय दोन तासांत पडते?

आलो तो पोट फुटेस्तोवर जेवून. दगड आठवलाच नाही. खोटं कशाला बोलू, आता तरी? आठवला होता. अंथरुणावर पडल्यावर आठवला होता. म्हटलं, एवढा वेळ काही झालं नाही, आता काय होतंय. आणि कूस बदलली.

उजाडताना परसात गेलो. फळी आडवी पडलेली. आत आणि बाहेर पिसं. लेह, तेजपूर, पठाणकोट, सगळ्या. सुभेदारसाहेब राखेच्या पलीकडं मान मुरगळून पडलेले. राखेवर ते गोल, नखं न दिसणारे ठसे, येतानाचे आणि जातानाचे, कितीतरी. शेवग्यावर मात्र तांबडी तलंग बसलेली. ती संध्याकाळी खुराड्यात गेलीच नव्हती. गिनती केली असती तर कळलं असतं. तिला आत घातली असती आणि तीही गेली असती.

माणूस अशा वेळी रडतो, निदान बसून राहतो. मी काय केलं? शेवग्याखाली गेलो, तो दगड धरला आणि ओढत ओढत खुराड्याच्या तोंडाशी आणून आडवा पाडून ठेवला. जणू कुणीतरी तो ढकलून दिलाय. कंबरेत कळ आली, तिकडं लक्ष दिलं नाही. मग हात धुतले आणि सुमनवहिनींना हाक मारली.

एवढा दगड पाडणारं जनावर म्हणजे बिबट्याच, असं वहिनी म्हणाल्या, आणि तासाभरात ते गावभर झालं. उसाला पाणी द्यायला जाणारी माणसं परत फिरली. कुणी वन खात्याला फोन लावला. गावची माणसं आली पण भीतीनं परसाच्या कुंपणाच्या आत कुणी पाय टाकेना, लांबनं फोटो काढत राहिली. मी कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विचारलं की "दगड लावला होता" एवढं म्हणायचो. बिबट्या हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही, आणि याचंच मला त्या सकाळी समाधान वाटत होतं. काय म्हणावं असल्या समाधानाला.

दुपारी आबा आले. उजव्या डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. खरं सांगतो, पट्टी बघून मला हायसं वाटलं. म्हटलं, या डोळ्यांना काय दिसणार.

ते सरळ मागं गेले. चष्मा काढून खिशात ठेवला, राखेशी उकिडवे बसले आणि डाव्या डोळ्यानं बराच वेळ बघत राहिले. मग उठून मेलेल्या कोंबड्या एकेक करून उचलल्या आणि रांगेत ठेवल्या. प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवला. नाव घेतलं नाही. शेवटी मला विचारलं.

"मास्तर, दगड लावलावता न्हवं?"

"व्हय आबा. लावला होता."

त्यांनी मान हलवली. बोराटीची फांदी घेतली आणि सगळी राख मागं मागं सरकत ओढून सपाट करून टाकली. सवयीनं करताहेत, असं मला वाटलं. मग कुंपणाबाहेरच्या माणसांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, बिबट्या बिबट्या काही नाही, बाऊल होतं. दगडच मी हलका बघून ठेवला होता, म्हातारपणी चूक झाली, जावा आपापल्या कामाला. दगड हलका. मी तो उचललेला होता. कुंपणाबाहेर कुणाला नाही, पण मला त्याचं वजन माहीत होतं. तरी मी स्वतःची समजूत घातली, की म्हातारा आता विसरायला लागलाय.

संध्याकाळी संजयचा फोन आला. आबांना एका डोळ्यानं फोनवरचं नीट दिसेना, म्हणून तो मीच स्पीकरवर लावून दिला. संजय रागावला होता. आईच्या कोंबड्या तुम्ही घालवल्या, तुमच्याच्यानं आता काही होत नाही, बास झालं, पुण्याला या. आबा "व्हय बाळ, चुकलं," एवढंच म्हणत राहिले. मी त्यांच्यासमोर बसून होतो. फोन माझ्या हातात होता. तोंड उघडलं असतं तर संजयला ऐकू गेलं असतं.

पुढं दोन-अडीच महिन्यांनी त्या तलंगीनं पहिलं अंडं दिलं. आबांनी मला मुद्दाम हाक मारून परसात नेलं. अंडं अजून गरम होतं, ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"हिचं नाव कोयना ठिवलंय. तुमच्या गावाचं."

आणि माझ्याकडं बघत राहिले. दोन्ही डोळ्यांनी, पट्टी कधीच निघाली होती. मी अंडं बघितलं, कोंबडी बघितली, शेवगा बघितला. म्हटलं, "छान आहे." आबांनी अंडं परत घेतलं आणि आत गेले. वर्षाअखेरीस माझी विट्याकडं बदली झाली. निघताना मी त्यांच्या पाया पडलो. पाया पडताना मान खाली असते, त्यामुळं ते सोपं गेलं.

गेल्या हिवाळ्यात सुमनवहिनींचा फोन आला की संजय पुढच्या आठवड्यात आबांना कायमचं पुण्याला घेऊन चाललाय, भेटायचं असेल तर येऊन जावा. मी सुट्टी काढून मोटारसायकलवर गेलो. वाटेत तासगावला थांबून पेढे घेतले. पेढे घेऊन कबुली द्यायला निघालेला माणूस, पण रिकाम्या हातानं जायचीही मला भीती वाटत होती.

आबा परसात बाजेवर बसले होते. पाठ तशीच सरळ, पण हातात काठी. भोवती कोयनेची पिलावळ, आठ-नऊ. त्या आता सुमनवहिनींकडं राहणार होत्या. चहा झाला. मग मी सांगितलं. सगळं, पांढरा शर्ट, रस्सा, अंथरुणावर आठवलेलं, सकाळी दगड ओढलेला. बोलताना मी पहिल्यांदा त्यांच्याकडं बघत होतो. त्यांचा चेहरा अजिबात बदलला नाही.

"रेघ हुती, मास्तर. दगड वढल्याली. बाऊलाच्या पावलांवरनं गेल्याली. आदी बाऊल आलं, मग दगड आला. आन बाजूला तुमची उजवी टाच."

आबा काठीनं मातीवर उगाच रेघा ओढत होते.

"लोकं बघतील म्हणून राख वढली मी. म्हटलं, मास्तर मानूस हाय, चारचौघांत नगं. येतील सांगायला. रातच्याला न्हाई तर सकाळी. लय वाट बघितली. तुमी आलाच न्हाई."

मी म्हटलं, आबा, माफ करा. त्यांनी उन्हाकडं बघितलं. दिवस कासराभर राहिला होता आणि कोंबड्या यायला लागल्या होत्या. म्हणाले, "झाका जावा."

मी बाही वर केली. गुडघे टेकले. आत हात घालून एकेकीच्या पाठीवर ठेवला. नवी नावं मला माहीत नव्हती, म्हणून आकडे मोजले आणि कोयनेला तेवढं नावानं हाक दिली. फळी लावली. पाट्याचा दगड शेवग्याखालून छातीशी धरून उचलून आणला, शर्ट भरला, फळीला घट्ट टेकवला. राख पसरली आणि मागं सरकत सरकत ओढली, एक पाऊल उरू दिलं नाही. हात न धुताच आबांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, जसा गिनतीला ठेवायचे तसा, आणि उजेड आहे तोवर निघा म्हणाले.

गाडी लांब चिंचेखाली लावली होती, तिथनं परस दिसत होतं. चालू करायच्या आधी मी वळून बघितलं. मी दिसेनासा झालो असं आबांना वाटलं असावं. ते काठी टेकत बाजेवरनं उठले, सावकाश खुराड्यापाशी गेले, मी ओढलेल्या राखेवर पाय ठेवला आणि मी लावलेला दगड हातानं हलवून बघितला.